प्रवर्तक व जनुकांची ऊतकविशिष्ट अभिव्यक्ती : शोधाचा इतिहास

प्राण्याच्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक कोशिकेत (पेशीत) जनुकांचा, म्हणजे आनुवंशिक लक्षणे ठरविणाऱ्या घटकांचा, एकच संपूर्ण संच असतो. तथापि त्यांपैकी कोणती जनुके कार्यान्वित व्हावयाची हे ती कोशिका कोणत्या ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) आहे यावर अवलंबून असते. इन्शुलिनाचे जनुक यकृतात व त्वचेतही असते. मात्र इन्शुलीन तयार होते ते अग्निपिंडातील बीटा कोशिकांत. हीमोग्लोबिनाची जनुके मेंदूच्या कोशिकांतही जपलेली असतात. पण त्यांचा खरा उपयोग होतो तो अस्थिमज्जेत तांबड्या कोशिका घडत असताना. या निवडीला ऊतकविशिष्ट अभिव्यक्ती म्हणतात.

जनुकावरून प्रथम आरएनएची प्रत तयार होते (या क्रियेस प्रतिलेखन म्हणतात) व त्या प्रतीवरून प्रथिन बनते. प्रतिलेखन जेथून सुरू होते त्या बिंदूलगतचा डीएनएचा जो खंड ही क्रिया सुरू करवितो, त्याला प्रवर्तक असे नाव आहे. प्रवर्तकाला दुरून साहाय्य करणाऱ्या खंडांना वर्धक म्हणतात. या खंडांमध्ये कोणत्याही प्रथिनाचा मजकूर नसतो. ते केवळ ‘कोठे, केव्हा व किती’ एवढेच ठरवितात. कदाचित म्हणूनच त्यांचे महत्त्व लक्षात येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

सर्व कोशिकांत सर्व जनुके असतात, हेच मुळात सहजी मान्य झालेले नव्हते. जर्मन जीववैज्ञानिक आउगुस्ट व्हाइसमान यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार गर्भाची वाढ होताना आनुवंशिक घटकांची कोशिकांमध्ये असमान वाटणी होते. यकृताच्या वाट्याला यकृताचे घटक येतात व स्नायूच्या वाट्याला स्नायूचे. ही कल्पना सोपी होती व तर्कालाही पटणारी होती. तथापि हान्स ड्रीश यांनी १८९१ मध्येच सागरी साळू या प्राण्याच्या दोन-कोशिकीय भ्रूणाच्या कोशिका एकमेकींपासून अलग केल्या असता प्रत्येकीपासून लहान पण संपूर्ण डिंभ तयार झाल्याचे पाहिले होते. टॉमस हंट मॉर्गन यांनी १९३४ मध्ये वाढीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर जनुकांचे निरनिराळे गट कार्यान्वित होत असावेत, अशी शक्यता मांडली. मात्र ती तपासून पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते.

निर्णायक पुरावा बेडकांवरील प्रयोगांतून मिळाला. रॉबर्ट ब्रिग्ज व टॉमस किंग यांनी १९५२ मध्ये भ्रूणकोशिकेतील केंद्रक काढून ते स्वतःचे केंद्रक नष्ट केलेल्या अंड्यात घातले व त्यापासून बेडूकमासे वाढविले. पुढे जॉन गर्डन यांनी बेडूकमाशाच्या आतड्यातील पूर्ण विकसित कोशिकांची केंद्रके वापरून (१९६२) प्रजननक्षम बेडूकही मिळविले. यशाचे प्रमाण अत्यल्प होते व त्यामुळे आक्षेपही घेतले गेले. तरीपण आतड्याच्या कोशिकेने डोळा, मेंदू वा स्नायू घडविणारी जनुके टाकून दिलेली नसतात, ती केवळ मौन असतात, हे स्पष्ट झाले. या कार्यासाठी गर्डन यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक (शिन्या यामानाका यांच्यासह) मिळाले. याच सुमारास व्होल्फगांग बेअरमान यांनी डासासारख्या दिसणाऱ्या एका माशीच्या अळीतील महाकाय गुणसूत्रांचे निरीक्षण करून त्यांवरील फुगवट्यांच्या जागा ऊतकानुसार बदलतात असे दाखविले (१९५२). कार्यरत जनुके सूक्ष्मदर्शकातून दिसण्याचा तो पहिलाच प्रसंग म्हणावा लागेल.

जनुके मौन असतात, पण त्यांना मौन ठेवते कोण? याचे पहिले उत्तर आतड्यातील एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूने दिले. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील फ्रांस्वा झाकॉब व झाक मोनो यांनी १९६१ मध्ये असे प्रतिपादन केले की, दुग्धशर्करेचे विघटन करणाऱ्या एंझाइमांच्या जनुकांलगत एक नियंत्रणस्थान असते. त्यावर निरोधक पदार्थ चिकटून राहिला की प्रतिलेखन थांबते. शर्करा उपलब्ध झाली की तो सुटतो व काम सुरू होते. जनुकांचे दोन वर्ग या प्रतिपादनाने प्रथमच स्पष्ट झाले : प्रथिन घडविणारी व इतर जनुकांवर हुकमत चालविणारी. प्रतिलेखनाची सुरुवात होण्यासाठी आवश्यक असलेल्या स्थानाला प्रवर्तक हे नाव झाकॉब, ॲग्नेस उलमान व मोनो यांनी १९६४ मध्ये दिले. नाव योग्य ठरले, पण जागा चुकली. त्यांनी प्रवर्तक निरोधकाच्या स्थानापलीकडे, एंझाइमांच्या जनुकांच्या बाजूला असल्याचे मानले होते. तो अलीकडच्या बाजूला असल्याचे १९६८ मध्ये जॉनाथन बेक्विथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. दरम्यान निरोधक पदार्थ हे प्रथिनच असल्याचे वॉल्टर गिल्बर्ट व बेनो म्युलर-हिल यांनी ते वेगळे करून सिद्ध केले होते (१९६६).

डीएनएच्या साखळीतील क्षारकांचा (ए, टी, जी, सी या अक्षरांनी दर्शविल्या जाणाऱ्या चार घटकांचा) क्रम वाचता येऊ लागल्यावर प्रवर्तकाचे रूप प्रत्यक्ष दिसू लागले. डेव्हिड प्रिबनाव यांना १९७५ मध्ये सूक्ष्मजंतूंच्या अनेक प्रवर्तकांत आरंभबिंदूच्या सुमारे १० क्षारक आधी टी-ए-टी-ए-ए-टी हा क्रम थोड्याफार फरकाने पुनःपुन्हा आढळला. उच्च जीवांच्या बऱ्याच जनुकांत असाच एक ‘टाटा’ क्रम २५ ते ३० क्षारक आधी असतो, हे मायकेल गोल्डबर्ग व डेव्हिड हॉग्नेस यांनी १९७९ मध्ये निदर्शनास आणले. मात्र येथेच एक अडचण उभी राहिली. हा क्रम यकृताच्या जनुकापुढेही होता आणि रक्ताच्या जनुकापुढेही. दाराला कडी आहे हे कळले. पण प्रत्येक घराची किल्ली वेगळी का, हे कळले नाही.

उत्तराचा धागा अनपेक्षित ठिकाणी सापडला. झुरिक येथील ज्युलियन बॅनर्जी, सांद्रो रुस्कोनी व व्हाल्टर शाफ्नर यांनी १९८१ मध्ये सशाचे बीटा-ग्लोबिन जनुक व माकडांतील एका विषाणूच्या डीएनएचा खंड एकत्र जोडून ते संवर्धित कोशिकांत घातले. जनुकाची अभिव्यक्ती सुमारे २०० पटींनी वाढली. आश्चर्य वाढीचे नव्हते. विषाणूचा तो खंड उलटा जोडला, जनुकाच्या पुढे वा मागे जोडला, हजारो क्षारक दूर ठेवला, तरीही परिणाम टिकून राहिला, याचे होते. सूक्ष्मजंतूंच्या अभ्यासातून आलेल्या कल्पनेत नियंत्रणस्थान जनुकाला अगदी खेटून असावयास हवे होते. दूर राहून जनुक चालविणाऱ्या या खंडास वर्धक असे नाव पडले.

दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, असाच वर्धक सस्तन प्राण्यांच्या स्वतःच्या डीएनएत मिळाला, तोही प्रतिपिंडाच्या जनुकाच्या पोटात, प्रथिनात न उतरणाऱ्या खंडामध्ये. शाफ्नर यांचा गट व सुसुमू टोनेगावा यांचा अमेरिकेतील गट यांनी तो जवळजवळ एकाच वेळी प्रसिद्ध केला. हा वर्धक लसीका कोशिकांत प्रभावी होता. इतर कोशिकांत जवळजवळ निष्क्रिय होता. ऊतकविशिष्टता डीएनएच्या एका खंडात सामावलेली असू शकते, याचा हा पहिला स्पष्ट पुरावा होय. येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. प्रतिपिंडांची जनुके हा ‘सर्व कोशिकांत सारखाच डीएनए’ या नियमाचा प्रसिद्ध अपवाद आहे. टोनेगावा यांनीच १९७६ मध्ये दाखविल्याप्रमाणे लसीका कोशिकांत या जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडले जातात. या जोडणीमुळे दूर असलेला प्रवर्तक वर्धकाच्या टप्प्यात येतो व कार्यान्वित होतो. व्हाइसमान यांच्या उपपत्तीला इतक्या वर्षांनी मिळालेला हा अल्पसा दिलासा म्हणता येईल. हीच यंत्रणा घातकही ठरते. बर्किट लसीकार्बुदात गुणसूत्रांची अदलाबदल होऊन कोशिकाविभाजनाशी संबंधित असलेले एक जनुक प्रतिपिंडाच्या नियंत्रक खंडांशेजारी येते आणि अवाजवी प्रमाणात कार्य करू लागते.

विल्यम रटर यांच्या प्रयोगशाळेत १९८३ मध्येच इन्शुलीन व कायमोट्रिप्सीन यांच्या जनुकांपुढील खंड सूक्ष्मजंतूच्या एका जनुकाला जोडण्यात आले. पहिला संकर इन्शुलीन करणाऱ्या कोशिकांत व दुसरा पाचक रस करणाऱ्या कोशिकांत सक्रिय होता, त्याउलट नव्हे. परंतु काचपात्रातील कोशिका म्हणजे प्राणी नव्हे. रिचर्ड पामिटर, राल्फ ब्रिन्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या फलित अंड्यात परके जनुक टोचण्याचे तंत्र विकसित केले होते. अग्निपिंडातील इलॅस्टेज या एंझाइमाच्या जनुकापुढील सुमारे २०० क्षारकांचा खंड मानवी वृद्धी हॉर्मोनाच्या जनुकाला जोडून त्यांनी अंड्यात घातला, तेव्हा जन्मलेल्या उंदरांत ते हॉर्मोन अग्निपिंडाच्या पाचक कोशिकांत तयार होऊ लागले (१९८५). त्याच वर्षी डग्लस हॅनहन यांनी इन्शुलिनाचा प्रवर्तक कर्करोगकारक विषाणूच्या जनुकाला जोडला. ते जनुक उंदराच्या सर्व कोशिकांत होते, तरी अर्बुदे उद्‌भवली ती बीटा कोशिकांतच. पत्ता प्रवर्तकावर लिहिलेला असतो, पाठविलेल्या वस्तूवर नव्हे, हे यापेक्षा स्वच्छपणे दाखविणारा प्रयोग विरळाच.

हा पत्ता वाचणारी प्रथिने पुढील काही वर्षांत हाती आली. हॅरल्ड वाइनट्रॉब यांच्या गटाने १९८७ मध्ये असे एक प्रथिन शोधले की, त्याचे जनुक संयोजी ऊतकाच्या कोशिकेत घातल्यास ती स्नायुकोशिका बनते. तांबड्या कोशिकांच्या जनुकांपुढे जी-ए-टी-ए या चार अक्षरांचा क्रम वारंवार येतो. त्याला चिकटणारे व त्यावरूनच गाटा-१ असे नाव मिळालेले प्रथिन १९८९ मध्ये स्ट्यूअर्ट ऑर्किन व गॅरी फेल्सेनफेल्ड यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे ओळखले. ही प्रथिने ठराविक ऊतकांतच असतात व म्हणून त्यांना ओळखणारे प्रवर्तकही तेथेच जागे होतात. अर्थात गाटा-१ हे केवळ तांबड्या कोशिकांचे नाही. बिंबाणू निर्माण करणाऱ्या कोशिकांतही ते असते. एका प्रथिनावर ऊतक ठरत नाही. प्रवर्तकावर व वर्धकावर एकत्र येणाऱ्या अनेक प्रथिनांच्या जुळणीवर ते ठरते. शिवाय डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो ती गुंडाळी सैल आहे की घट्ट, यालाही महत्त्व आहे. कोंबडीच्या तांबड्या कोशिकांत ग्लोबिनाच्या जनुकाभोवतीची गुंडाळी सैल असते व इतर ऊतकांत तशी नसते, हे वाइनट्रॉब व मार्क ग्रुडीन यांनी १९७६ मध्येच दाखविले होते.

एका अक्षराच्या बदलाने एकाच ऊतकातील अभिव्यक्ती कशी नाहीशी होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण डफी रक्तगटाचे आहे. हा गट १९५० मध्ये लंडन येथे ओळखला गेला. पश्चिम आफ्रिकेतील बहुसंख्य लोकांच्या तांबड्या कोशिकांवर डफी प्रथिन नसते आणि तेथे प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स या जीवामुळे होणारा हिवतापही क्वचितच आढळतो. या दोहोंचा संबंध लुई मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये जोडला : हा परजीवी तांबड्या कोशिकेत शिरताना डफी प्रथिनाचाच आधार घेतो. मग या लोकांतील जनुक नष्ट झाले असावे काय? तसे म्हणावे तर हेच प्रथिन त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तयार होत असल्याचे आढळले. कोडे १९९५ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी सोडविले. जनुकाचा मजकूर शाबूत होता. त्याच्या प्रवर्तकात गाटा-१ जेथे चिकटते त्या क्रमातील एक टी जाऊन सी आला होता. तांबड्या कोशिकांना हा प्रवर्तक वाचता येईना. रक्तवाहिन्यांना मात्र गाटा-१ ची गरजच नव्हती. हिवतापाच्या सततच्या निवडीमुळे हा बदल आफ्रिकेच्या मोठ्या भागात पसरला. हे संरक्षण अभेद्य मात्र नाही. डफी प्रथिन नसलेल्या व्यक्तींनाही व्हायव्हॅक्सची लागण झाल्याचे मादागास्करमधील अभ्यासात (२०१०) दिसून आले आहे.

हीमोग्लोबिनाच्या जनुकांनी या विषयाला जेवढे शिकविले तेवढे दुसऱ्या कोणत्याही जनुकांनी शिकविलेले नाही. मानवात ११ व्या गुणसूत्रावर ती ओळीने मांडलेली आहेत : प्रथम भ्रूणाचे, मग गर्भाची दोन (गॅमा), नंतर प्रौढाची. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा जनुके मंदावतात व बीटा जनुक पुढे येते. नेदर्लंड्समधील थॅलॅसिमियाच्या एका रुग्णात १९८० मध्ये असे आढळले की, बीटा जनुक शाबूत असूनही काम करीत नव्हते. कारण त्याच्या आधीचा डीएनएचा मोठा तुकडा गळून गेला होता. त्या तुकड्याचे महत्त्व फ्रँक ग्रोसव्हेल्ड यांच्या गटाने १९८७ मध्ये स्पष्ट केले. बीटा जनुकापासून सुमारे ५० हजार क्षारक दूर असलेला एक प्रदेश तांबड्या कोशिकांत या सर्व जनुकांना चालना देतो; तो जोडल्याशिवाय उंदरांत घातलेले मानवी जनुक नीट काम करीत नाही. साखळी वळून हा प्रदेश प्रवर्तकाजवळ येतो, असे पुढील प्रयोगांवरून मानले जाते.

या संशोधनाचा महाराष्ट्राशी थेट संबंध येतो तो दात्रकोशिका पांडुरोगामुळे (सिकलसेल आजारामुळे). भारतात तांबड्या कोशिकांचा हा दोष हेर्मान लेमान व मरी कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींमध्ये १९५२ मध्ये प्रथम नोंदविला. (डफी रक्तगट ओळखणाऱ्यांपैकी याच कटबुश होत.) पुढे गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार आदी जिल्ह्यांत त्याचे प्रमाण लक्षणीय असल्याचे दिसून आले. दोष बीटा जनुकाच्या मजकुरातील एका क्षारकाचा आहे. पण जॅनेट वॉटसन यांनी न्यूयॉर्क येथे १९४८ मध्येच हेरले होते की, नवजात बालकांना त्याचा त्रास होत नाही, कारण त्यांच्या रक्तात गर्भीय हीमोग्लोबिन भरपूर असते. म्हणजे मौन झालेले गॅमा जनुक पुन्हा बोलते केले, तर आजार सौम्य व्हावा.

निसर्गात असे घडलेही आहे. काही कुटुंबांत प्रौढपणीही गर्भीय हीमोग्लोबिन मोठ्या प्रमाणात तयार होते व त्याचा अपाय होत नाही. फ्रान्सिस कॉलिन्स व इतरांनी १९८४–८५ मध्ये अशा कुटुंबांतील गॅमा जनुकांचे प्रवर्तक वाचले, तेव्हा आरंभबिंदूच्या सुमारे २०० व सुमारे ११५ क्षारक आधी एकेका अक्षराचा बदल आढळला. भारतातील दात्रकोशिका रुग्णांत एका गॅमा जनुकाच्या प्रवर्तकात १५८ क्षारक आधी सी ऐवजी टी असणे सर्वसामान्य आहे व त्यांच्यात गर्भीय हीमोग्लोबिन आफ्रिकी रुग्णांपेक्षा बहुधा अधिक असते. यावरून भारतातील आजार सौम्यच असतो असा जो समज रूढ झाला तो मात्र धोक्याचा आहे. विदर्भातील रुग्णांत तीव्र वेदनांचे झटके व गंभीर गुंतागुंती पुष्कळ आढळतात.

गॅमा जनुकाला गप्प करणारे प्रथिन शोधण्यास आणखी वीस वर्षांहून अधिक काळ लागला. अनेक व्यक्तींच्या जनुकसंचांची तुलना करताना बीसीएल११ए या प्रथिनाचा संशय आला व २००८ मध्ये विजय शंकरन, ऑर्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोगाने खरा ठरविला. प्रवर्तकातील ११५ क्षारकांजवळच्या जागी हेच प्रथिन चिकटते व २०० जवळच्या जागी दुसरे एक निरोधक प्रथिन चिकटते, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. १९८४–८५ मध्ये वाचलेल्या त्या एकेका अक्षराचा अर्थ तेव्हा कुठे लागला.

बीसीएल११ए सरसकट काढून टाकणे शक्य नव्हते, कारण लसीका कोशिकांना व मेंदूच्या वाढीला ते आवश्यक असते. येथे ऊतकविशिष्टताच उपयोगी पडली. डॅनियल बाउअर, ऑर्किन इत्यादींना २०१३ मध्ये या जनुकाच्या पोटात असा एक वर्धक आढळला की, जो तांबड्या कोशिकांच्या वंशातच लागतो. त्यातील गाटा-१ चिकटण्याची जागा कापली की बीसीएल११ए तेथे घटते व इतर ऊतकांत अबाधित राहते. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील मूळ कोशिका बाहेर काढून, त्यांत हा छेद करून त्या परत देण्याच्या उपचाराला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेत त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली. त्याआधी उरलेली अस्थिमज्जा तीव्र औषधांनी रिकामी करावी लागते. अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली.

भारतात १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय दात्रकोशिका निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. तपासणी, विवाहपूर्व समुपदेशन व हायड्रॉक्सियुरिया हे स्वस्त औषध यांवर येथील उपचारांची भिस्त आहे. हे औषधही गर्भीय हीमोग्लोबिन वाढविते. मात्र गॅमा प्रवर्तकापर्यंत त्याचा परिणाम नेमका कोणत्या मार्गाने पोहोचतो, याचा पूर्ण उलगडा झालेला नाही.